दीड घोड्याचा स्पीकर

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस सहजासहजी फसत नाही. आधी तो घोड्यापासून चार पावलं लांब उभा राहून भलतीकडेच बघत बसतो. मग सहज जवळून चालल्यासारखं करत जबडा उघडून दात बघतो. कपाळावर, मानेवर, छातीवर भोवरे शोधतो. गळ्याशी देवमण सापडलाच, तर चेहऱ्यावर काही उमटू नये म्हणून खिशातून तंबाखूची पुडी काढतो. घोडा मारवाडी असेल तर कानांची टोकं वर एकमेकांना मिळतात का, नुकरा असेल तर ओठांची कातडी गुलाबी आहे का, हे तपासतो. चारी खूर उचलून झाले, पाठीवरून हात फिरवून झाला, की व्यापाऱ्याला म्हणतो, "पयाडी दखाड भो." घोडा पळतो, रेवाल चालून दाखवतो. एवढं होऊनही हा गृहस्थ "बघू" म्हणून शेवभाजी खायला निघून जातो. सौदा झालाच तर दुसऱ्या दिवशी.

हाच माणूस त्याच आठवड्यात गाडीला स्पीकर बसवायला शहाद्याच्या नाहीतर धुळ्याच्या दुकानात जातो, खोक्यावर '११०० वॅट' एवढंच वाचतो आणि म्हणतो, "हाऊच दे."

दात नाही, भोवरा नाही, चाल नाही. खोक्याचा रंग आणि आकडा.

पुतण्याने एमएच ३९ पासिंगची जुनी हॅचबॅक घेतली, तेव्हापासून हा चमत्कार मी फार जवळून बघतो आहे. आमच्याकडे गाडी आली की आधी हार, मग लिंबू-मिरची, मग स्पीकर. इंजिनचं ऑइल, टायरची हवा वगैरे किरकोळ गोष्टी त्यानंतर. आणि दुकानही जवळचं चालत नाही. शहाद्यात मिळणारी वस्तू नंदुरबारला चांगली मिळते, नंदुरबारची धुळ्याला चांगली मिळते आणि सुरतेला सगळंच स्वस्त मिळतं, हा खानदेशातला सर्वमान्य सिद्धांत आहे. त्या स्वस्ताईपायी जाळलेल्या डिझेलचा हिशेब कुणी मांडत नाही.

तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला यात्रा सुरू होते आणि राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. अलीकडे चेतक महोत्सव या नावाने पर्यटनाचा झगमगाटही आला आहे. पण घोड्यांच्या ओळींमागे आणखी एक यात्रा भरते, तिचा उल्लेख कुठल्याच पत्रिकेत नसतो. ती असते घोडे बघायला आलेल्यांच्या गाड्यांची. चारी दारं उघडी, डिकी वर आणि आतून गाणं. एका गाडीतून अहिराणी, शेजारच्या गाडीतून टिमली, तिसरीतून पंजाबी. मधून एखादा घोडा पाण्यावर नेला जात असतो. त्याचा एक कान एका गाडीकडे, दुसरा दुसरीकडे. घोड्याला दोन कान दोन दिशांना वळवता येतात. माणसाला ती सोय नसल्याने तो आपल्या गाडीचा आवाज वाढवतो.

आता त्या ११०० वॅटकडे वळू. वॅट हे ज्याच्या नावावरून आलं त्या जेम्स वॅटचा आणि घोड्यांचा संबंध फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा स्कॉटिश माणूस वाफेची इंजिनं विकत होता. गिऱ्हाइकं कोण, तर खाणीवाले, दारूच्या भट्ट्यांवाले. त्यांच्याकडे रहाट आणि जाती ओढायला घोडे होते. त्यांना एकच प्रश्न कळत होता: हे तुझं यंत्र किती घोड्यांचं काम करील? म्हणून वॅटने हिशेब बसवला. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचललं, की तो झाला एक घोडा. हाच आपला हॉर्सपॉवर. वॅट गेल्यानंतर, १८८२ मध्ये, त्याचं नाव विजेच्या मापाला देण्याची सूचना झाली आणि हिशेब असा जमला की एक घोडा जवळपास ७४६ वॅट. थोडक्यात, हे सगळं प्रकरण घोड्याच्या गिऱ्हाइकाला घोड्याऐवजी दुसरं काहीतरी विकण्यासाठीच सुरू झालं होतं. शहाद्याच्या दुकानदाराकडे ही परंपरा थेट चालत आली आहे.

११०० भागिले ७४६ म्हणजे जवळपास दीड. पुतण्या दीड घोडा दारात बसवायला निघाला होता. मी आबांना, म्हणजे त्याच्या आजोबांना, हे समजावून सांगितलं. आबांचं उभं आयुष्य घोडेबाजारात लोकांना फुकटचा सल्ला देण्यात गेलं आहे. ते खाटेवर उठून बसले.

"दीड घोडा? मंग चारा कितला लागस?"

दुकानातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने आजवर न विचारलेला हा एकमेव बरोबर प्रश्न होता.

कारण दीड घोड्याला चारा घालणारं गाडीत कुणी नसतं. खोक्यावर ठळक छापलेला आकडा 'मॅक्स'चा किंवा 'पीक'चा असतो. एखाद्या क्षणी, ढोलाच्या एका ठोक्यापुरता, जळून न जाता स्पीकर किती झेलेल, त्याची ती फुशारकी. तासन् तास किती झेपेल ते खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतं आणि त्याला 'आरएमएस' म्हणतात. पुढे शेकड्यांत असलेला आकडा मागे पन्नास-साठवर येऊन टेकतो. कॅसेटच्या जमान्यात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' नावाचे हजारांतले आकडे असायचे, ते ज्यांना आठवत असतील त्यांना या वंशावळीचं नवल वाटणार नाही. आणि झेपणं वेगळं, मिळणं वेगळं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. वेगळा अँप्लिफायर नसेल तर डॅशबोर्डमधला स्टिरिओ चार ओहमच्या स्पीकरला एवढ्या व्होल्टांतून स्वच्छ असे पंधरा-वीस वॅट देतो, मग त्याच्या कपाळावर '५० वॅट × ४' लिहिलेलं का असेना. वीस वॅट म्हणजे एका घोड्याचा सदतिसावा हिस्सा. शेपूट, फार तर.

त्या शेपटीच्या जोरावर दीड घोडा पळवायचा, तर आवाज शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवावा लागतो. मग स्टिरिओची ताकद संपते, गाण्याच्या लाटेचं डोकं आणि बूड कापलं जातं. याला क्लिपिंग म्हणतात. गाणं फाटतं, बारीक आवाज काढणारा ट्वीटर तापत जातो आणि एके दिवशी मुका होतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "स्पीकर कमजोर निघना." दुकानदार त्याला १४०० वॅटचा काढून देतो.

आबांच्या चाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर खोक्यावर असतं, पण ते कुणी वाचत नाही. तिथे 'सेन्सिटिव्हिटी' लिहून पुढे डेसिबल दिलेले असतात. एक वॅट दिला तर एक मीटरवर आवाज किती, याचा तो आकडा. तो फक्त तीनने जास्त असला, तर निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज निघतो. म्हणजे ९३ डेसिबलचा साधा स्पीकर वीस वॅटमध्ये जेवढा गातो, तेवढं गायला ९० डेसिबलच्या भारी स्पीकरला चाळीस वॅट लागतात. कमी चाऱ्यात जास्त चालणारं जनावर कोणतं हे सारंगखेड्यात लहान पोरालाही विचारता येतं. दुकानात मात्र तो आकडा बघणाऱ्याकडे लोक, हा सेल्स टॅक्सचा माणूस आहे की काय, अशा नजरेने बघतात.

आता दुकान. भिंतीवर फळी, फळीवर स्पीकरच्या जोड्या ओळीने ठोकलेल्या, खाली बटणं. दुकानातला पोऱ्या बटणं दाबत जातो आणि प्रत्येक जोडी तेच गाणं वाजवते. गाणंही ठरलेलं असतं. त्यात गाणारा माणूस जवळजवळ नसतो, फक्त धडधड असते. असल्या गाण्यावर पत्र्याचा डबासुद्धा वीरश्रीयुक्त वाटतो. त्यातून ज्या जोडीचा आवाज किंचित मोठा, ती कानाला चांगली वाटते. ही मानवी कानाची खोड आहे आणि दुकानदाराला ती नीट माहीत असते. त्याला विकायची असलेली जोडी तो हळूच दोन घरं वर वाजवतो. व्यापाऱ्याचा माणूस घोडा पळवताना लगाम कसा धरतो हे ओळखणारे आमचे लोक इथे माना डोलावतात.

पुतण्याच्या वेळी आबा हट्टाने सोबत आले होते. त्यांनी धडधड पुरी ऐकून घेतली आणि म्हणाले, "आता माझं लाव." त्यांचं म्हणजे श्रावणातलं कानबाईचं गाणं, कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं, मागे कुकरची शिट्टी असलेलं. पोऱ्या हसला, पण त्याने लावलं. आणि त्या फळीची सगळी वर्णव्यवस्था उलटीपालटी झाली. ११०० वॅटवाल्या जोडीत बाया विहिरीतून गायल्यासारख्या वाटत होत्या. कोपऱ्यातल्या एका निमूट जोडीत प्रत्येकीचा गळा वेगळा ऐकू आला. "ही आपली धाकली काकू," आबा म्हणाले. माणसाचा ओळखीचा गळा ओळखीचा वाटतो का, याच्याइतकी पक्की परीक्षा त्या दुकानातल्या कुठल्याही यंत्राकडे नव्हती. कुकरची शिट्टी तर इतकी हुबेहूब आली, की दुकानदाराने मागे वळून बघितलं.

पण कोणती जात घ्यायची हा प्रश्न उरतोच. स्पीकरच्या मुख्य जाती दोन. एक कोअॅक्शियल. यात मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा ट्वीटर बसवलेला असतो, एकाच खोगिरावर बापलेक बसावेत तसा. दुसरी कॉम्पोनंट. यात मोठा स्पीकर दारात खाली, ट्वीटर वर वेगळा, आणि मध्ये क्रॉसओव्हर नावाची डबी. अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं बारीक काम ही डबी ट्वीटरकडे पाठवते आणि ढोबळ काम खाली मोठ्याकडे. फरक कशाला हवा? तर जाड आवाज कुठून येतो हे कानाला धड कळत नाही, पण बारीक आवाज बाणासारखा सरळ जातो. हॅचबॅकच्या दारातला स्पीकर पायाशी असतो. त्यातल्या कोअॅक्शियलचा ट्वीटर अत्यंत सुरेल गातो, पण गुडघ्यासाठी. लताबाईंना पोटरीपाशी बसवून ऐकणं बरं दिसत नाही. आरशाच्या आतल्या तिकोन्यात ट्वीटर बसवला की त्या डॅशबोर्डवर, डोळ्यांसमोर येतात. बऱ्याच गाड्यांच्या स्वस्त मॉडेलात ती जागा कंपनीने कोरून ठेवलेली असते. वरून जाळी असते, आत काही नसतं. वर्षानुवर्षं लोक त्या जाळीकडे कान लावून समाधानाने ऐकत असतात.

६ × ९ इंचाचा लंबगोल स्पीकर हा तिसरा मोह. मुळात तो सेडानच्या मागच्या काचेखालच्या फळीचा. हॅचबॅकमध्ये ती फळी पातळ, दोरीला लटकलेली आणि काढघाल करण्याजोगी असते. तिला भोकं पाडून जड चुंबक टांगायचं आणि मग रोज काढघाल करायची, हा व्यायाम ज्याला हवा त्याने जरूर करावा. आमच्या तालुक्यात हौसेला तोटा नाही.

मला विचाराल तर (कुणी विचारलं नव्हतं, पण दुकानात उभा होतो) स्पीकर निवडण्याआधी दाराकडे बघावं. दार हा प्रकार लोकांना माहीतच नसतो. आतलं प्लास्टिक काढलं की दिसतो तो पातळ पत्रा आणि त्याला पाडलेली हातभर भगदाडं. स्पीकर जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही फेकतो, उलटा. मागचा आवाज भगदाडातून पुढे आला की दोघे एकमेकांना खातात आणि ढोलाचा घुमारा गायब होतो. पत्रा थरथरतो तो वेगळाच. त्या पत्र्याला आतून काळी चिकट ब्युटाइलची शीट लावली, भगदाडं बुजवली, तर कंपनीचा जुना स्पीकरसुद्धा सुधारतो. पण शीट लावलेली दिसत नाही. दारातून तिचं नाव चमकत नाही, निळा दिवा लागत नाही. न दिसणाऱ्या वस्तूवर खर्च करायचा म्हणजे यात्रेत आंधळा घोडा घेण्यासारखं, असं पुतण्याचं मत. त्याला मी सांगितलं, की दारात पाऊसही पडतो. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. पण खरंच पडतो. काचेच्या रबरामधून पाणी आत उतरतं, खालच्या छोट्या भोकांतून बाहेर जातं, आणि स्पीकर त्या पाण्याचा शेजारी. म्हणून दारात साध्या कागदाच्या कोनापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि फोमपेक्षा रबराची कड टिकते. बाकी वर्षभर आमच्याकडे पाण्यापेक्षा उन्हाचा धाक मोठा. मे महिन्यात बंद गाडी अशी तापते, की फोमचा भुगा व्हायला पाऊस लागतच नाही.

आणि सबवूफर. पुतण्याचं खरं मन तिथे होतं. डिकीभर खोकं, त्यात बारा इंची तोंड, वेगळा अँप्लिफायर, बॅटरीपासून मागेपर्यंत बोटभर जाडीची वायर. आबांनी फक्त डिकीकडे बोट दाखवून विचारलं की नंदुरबारची मिरचीची गोणी, बिबड्यांचा डबा आणि आत्याचं सामान कुठे ठेवायचं. तो विषय तिथे संपला. खोल आवाजाची हौस मला परकी नाही. होळीला सातपुड्यात, काठी गावाला, जे भलेमोठे ढोल वाजतात ते ज्याने छातीवर घेतले आहेत, त्याला बारा इंची खोक्याचं कौतुक सांगू नये. तिथे वॅट शून्य. पण एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. गाडी असते चार मीटरची. ती लाट पत्र्याला जुमानत नाही, सरळ बाहेर पडते. बारीक आवाज मात्र काचेला अडतात, गादीत मुरतात. म्हणून गाण्याचे शब्द आतल्यांना आणि धडधड गावाला अशी वाटणी होते. ज्या गावकऱ्यांवर छाप पाडण्यासाठी एवढा खर्च केला, त्यांना कोणतं गाणं चालू आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

कारण आमच्याकडे स्पीकर गाडीत बसणाऱ्यासाठी घेतलेलाच नसतो. तो बसस्टँडवर उभ्या असलेल्यांसाठी असतो, पानटपरीसाठी असतो, लग्नाच्या मांडवापुढे गाडी कधी थांबली हे सगळ्यांना कळावं म्हणून असतो. तसं काटेकोर बघितलं तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री ४५. खोक्यावर मात्र एका वॅटला ९० डेसिबल छापलेलं असतं. म्हणजे गाडीची दारं उघडी ठेवून नियम मोडायचाच असेल, तर त्याला एक वॅटदेखील रग्गड होतो. उरलेले १०९९ वॅट नेमके कुणासाठी, हे मी पुतण्याला विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं, "काका, यात्रेत बाजूला स्कॉर्पिओ उभी असते ना."

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला. पुढे मधल्या किमतीचा कॉम्पोनंट, मागे साधा कोअॅक्शियल, दारांना शीट, अँप्लिफायर पुढच्या मिरचीच्या पट्टीवर. कंपनीची वायर कापली तर वॉरंटीची कटकट म्हणून दुकानदार कपलर लावत होता. पुतण्याला जुन्या गाडीची वॉरंटी कधीच संपली आहे हे माहीत होतं, पण 'कपलर' हा शब्द आवडल्यामुळे तो गप्प बसला. आबा बॉनेटपाशी उभे राहून कारागिराच्या हाताकडे असे बघत होते, की त्या बिचाऱ्याने प्रत्येक स्क्रू दोनदा पिळला.

आवाज झकास झाला, हे मला मान्य करावं लागलं. कोणता शब्द कुठे श्वास घेऊन म्हटला आहे ते कळायला लागलं. मात्र असा स्वच्छ आवाज मुख्यतः कशासाठी वापरला जातो, याचा विचार ना दुकानदाराने केला होता, ना खोकं छापणाऱ्याने. ब्लूटूथ जोडलं की गाणं दुय्यम. गाडीत सर्वांत जास्त वाजतो तो फोन.

पहिल्याच आठवड्यात आम्ही सारंगखेड्याच्या पुलावरून दोंडाईच्याकडे निघालो होतो. पुतण्या गाडी चालवत होता, शेजारी आबा, मागे मी आणि पुतणीच्या ठरत आलेल्या सोयरिकीतले व्याही. त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. फोन वाजला. पुतण्याने हौसेने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि मोठ्या मामांचा आवाज, क्रॉसओव्हरने नीट वाटणी करून, चारी बाजूंनी गाडीत शिरला. जाड भाग दारातून, बारीक भाग डोळ्यांसमोरून, आणि थोडा व्याह्यांच्या अगदी कोपराजवळून.

"काय म्हनतस रे त्या? हुंड्यानं नाव काढं नही म्हने, पन सोनानं काय ते इचारी ले. त्या लोके भलता चिक्कट शेतस, आख्खा गावले माहीत शे."

गाडीत कुणी हललं नाही. पुतण्या आवाज कमी करायचं बटण शोधत होता आणि गाणं बदलायचं बटण दाबत होता. तेवढ्यात तोच आवाज, जराही न फाटता, पुन्हा आला.

"गाडीमा आखो कोन शे रे?"